पात्याचें पाणी

मराठींत 'हत्यार' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सुताराचा वाकस व पटाशी हीं हत्यारें, आणि दरोडेखोराच्या कमरेचा जंबिया हेंहि हत्यारच. खंडेनवमीच्या दिवशीं दोहोंसहि झेंडूचीं फुलें सारखींच वाहिलीं जातात. परंतु सुशिक्षित घरांतून यांतला पहिला अर्थ हळूहळू विसरला जात असावा, असा संशय आम्हांस अलीकडे येऊं लागला आहे. फावल्या वेळीं आपण काय करतां, असें कोणीं विचारलें आणि 'मोडीच्या पोलादाच्या सुऱ्या व विळ्या घरीं करतों' असें उत्तर आम्हीं दिलें, कीं विचारणारे गृहस्थ प्रथम आमच्या पिकल्या केसांकडे पाहतात आणि मग दाराकडे. एकांनीं तर, याला पोलिसांचा परवाना लागत नाहीं काय, असें आवाज खालीं आणून विचारलें. त्यांच्या समाधानासाठीं येथें सांगून टाकतों, कीं १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे खरा, पण घरकाम व शेतकाम यांकरितां घडविलेलीं पातीं त्यांतून वगळलेलीं आहेत. कायदा करणारांच्या घरींहि भाजी चिरली जात असलीच पाहिजे.

ज्या मनुष्याच्या हातांत उभ्या जन्मांत लेखणी व खडू यांखेरीज कांहीं आलें नाहीं, त्यानें साठी उलटल्यावर कानस कां उचलावी, हा प्रश्न मात्र वाजवी आहे. छंदाला कारण विचारूं नये असें म्हणतात. पण आमच्या या उद्योगाला कारण आहे, आणि तें कारण माजघरांत बसलेलें आहे.

आमची आई ८७ वर्षांची आहे. तिचे गुडघे गेले, तेव्हां डॉक्टरांनीं तिला जमिनीवर बसण्याची बंदी केली. बाकीचीं कामें एकेक करून तिच्या हातून आधींच सुटलीं होतीं. भाजी चिरणें हें एवढेंच तिच्याकडे उरलें होतें, आणि तेंच जमिनीवरचें काम. घरांत सुऱ्या पुष्कळ होत्या. त्या तिच्यापुढें ठेवून पाहिल्या, पण तिला त्या वळेनात. वाचकांनीं हा फरक कधीं लक्षांत घेतला आहे कीं नाहीं कोण जाणे, परंतु सुरी आणि विळी हीं अगदीं उलट जातीचीं हत्यारें आहेत. सुरीच्या कामांत भाजी स्थिर असते आणि पातें चालतें; विळीच्या कामांत पातें स्थिर असतें आणि भाजी चालते. सुरी धरणारा हात एकटा असतो, म्हणून तो कांपूं लागला कीं पातेंहि कांपतें. विळीवर दोन्ही हात भाजीला धरून एकमेकांना सांवरतात. सत्तर वर्षें भाजी पात्याकडे नेलेल्या हातांना, आतां पातें भाजीकडे न्या, असें सांगणें म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहावयास सांगण्यासारखेंच होय.

टेबलावर बसवावयाच्या विळ्या बाजारांत मिळतात, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांपैकीं एक आणली. न गंजणाऱ्या पोलादाची, चकचकीत, घडी घालून खणांत ठेवतां येणारी अशी ती होती. आईनें तिच्यावर दोन दिवस गवार चिरली आणि तिसऱ्या दिवशीं ती बाजूस सारून म्हणाली, "अरे, ही दाखवायची विळी आहे, चिरायची नव्हे. हिला पाणी नाहीं." त्यानंतर ती खिडकीशीं बसून दर अर्ध्या तासानें, आज काय करणार आहांत, असें सुनेला विचारूं लागली. तें विचारणें भाजीसंबंधीं नव्हतें, हें कळावयास फार हुशारी लागत नाहीं.

पाणी नाहीं, हा आईचा शब्द आमच्या डोक्यांत राहिला. सगळ्यांच्या तोंडीं असलेला हा शब्द. घोड्याला पाणी असतें, मोत्याला असतें, माणसालाहि असतें. एखाद्याचें पाणी जोखावें असेंहि आपण म्हणतों. परंतु लोखंडाच्या बाबतींत हें अलंकारिक बोलणें नाहीं. तापलेलें पातें पाण्यांत बुडवून कठीण करण्याच्या क्रियेलाच 'पाणी देणें' म्हणतात. ती क्रिया काय आहे हें पाहावें म्हणून आम्हीं पुस्तकें उघडलीं, आणि पुस्तकांनीं भागेना तेव्हां पुण्याचा जुना बाजार गांठला.

हा बाजार बुधवारीं आणि रविवारीं भरतो. तेथें मोडीच्या लोखंडाचे ढीग असतात, आणि त्या ढिगांकडे पाहण्याची दृष्टि एकदां आली म्हणजे माणसाचें घरीं परतणें अवघड होऊन बसतें. सगळें लोखंड सारखें नसतें. खिडकीचे गज व पत्रे यांत कर्ब अगदीं थोडा; त्यांना किती तापवा, किती बुडवा, तीं मऊच राहणार. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यांत कर्ब शेंकडा अर्ध्याच्या किंचित् वर असतो, आणि जुन्या चांगल्या कानशींत तो शेंकडा एकाच्या घरांत जातो. एवढ्याशा फरकावर पातें होणें न होणें अवलंबून आहे. ढिगांतला तुकडा कोणता हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. तो फिरत्या सहाणेवर धरावा आणि ठिणग्या पाहाव्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ व मुकाट्यानें जातात. कर्ब जास्त असेल तर त्या वाटेंत फुटतात आणि त्यांना फांद्या येतात, दिवाळींतल्या फुलबाजीसारख्या. आमची नात या परीक्षेची मोठी भोक्ती आहे. तिला गजाचे तुकडे आवडत नाहींत. जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड मात्र कधींहि आंचेंत घालूं नये. त्याचा धूर छातीला अपाय करतो.

आम्हीं कमानीचा एक पाटा किलोच्या भावानें विकत घेतला. तुटलेलाच होता. आमच्याकडील रस्त्यांनीं किती पाटे मोडले असतील याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं, पण त्या ढिगावरून अंदाज बांधतां येतो. कमानीपासून पातें करण्यांत एक जुनी संगति आहे, तिचीहि तेव्हां आठवण झाली. इंग्लंडांतील डॉनकास्टर येथें बेंजामिन हंट्समन नांवाचा एक घड्याळजी होता. घड्याळाच्या कमानीला मनाजोगतें पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या सुमारास त्यानें बंद मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. शेजारच्या शेफील्डच्या सुरीवाल्यांनीं, हें फारच कठीण आहे, म्हणून तें प्रथम नाकारलें, आणि हंट्समनला तें फ्रान्समध्यें विकावें लागलें. त्या पोलादाच्या फ्रेंच सुऱ्या इंग्लंडांत येऊं लागल्या तेव्हां कोठें शेफील्डकरांचे डोळे उघडले.

पाटा घरीं आणला खरा, पण तो बोटाएवढा जाड आणि विळीचें पातें पातळ व आंत वळलेलें. राहत्या वस्तींत घण मारीत बसणें शक्य नव्हतें. शेजारधर्म म्हणून कांहीं आहे. चौकशी करतां कळलें, कीं गांवाबाहेरच्या मैदानावर घिसाड्यांचें एक पाल उतरलें आहे.

घिसाडी हे फिरते लोहार. पूर्वी ते बैलगाडीवर संसार घालून गांवोगांव हिंडत आणि पेरणीपूर्वी व सुगीपूर्वी विळे, खुरपीं, कुऱ्हाडी शेवटून देत. गांवचा लोहार बारा बलुत्यांपैकीं एक, त्याचें धान्य खळ्यावर ठरलेलें. घिसाड्याचें कांहींच ठरलेलें नाहीं. या पालांत नवराबायको आणि दोन मुलें होतीं. चामड्याच्या भात्याच्या जागीं हातानें फिरवावयाचा पंखा होता व तो थोरली मुलगी फिरवीत होती. ऐरण जमिनींत पुरलेली. नवरा सांडशीनें लोखंड धरून लहान हातोड्यानें जागा दाखवी आणि त्या जागीं बायको घण घाली. पहिला घाव कोठें, दुसरा कोठें, हें बोलून सांगण्याची त्यांना गरज पडत नव्हती. आम्हीं अनेक उत्तम शिक्षक पाहिले आहेत, पण इतक्या कमी शब्दांत इतकें नेमकें सांगणारा पाहिला नाहीं.

त्यानें आमचा पाटा उलटून पालटून पाहिला, ऐरणीवर आपटून नाद ऐकला आणि विचारलें, "काय करायचं मास्तर ह्याचं?" आम्ही मास्तर हें त्यानें कशावरून ओळखलें, तें विचारावयाचें राहून गेलें. विळी करावयाची आहे, आईसाठीं, टेबलावर बसवावयाची, असें सांगितल्यावर तो हंसला नाहीं. कागदावर काढून नेलेला आकार त्यानें पाहिला व बाजूस ठेवला. "आजी बसल्यावर टेबल कुठवर येतं, ते हातानं दाखवा," असें तो म्हणाला. मग आम्हीं खुर्चीवर बसल्याचा अभिनय करून तें दाखविलें. पाटा पातळ करून वळण द्यावयास त्या उभयतांना पाऊण तास लागला. वळण आमच्या कागदावरच्यापेक्षां जास्त खोल होतें. त्याचें कारण त्यानें असें सांगितलें, कीं माणूस उंच बसला म्हणजे हात वरून खालीं येतो, आणि पोट खोल नसेल तर भाजी निसटते. हें भूमितीच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं, पण ही भूमितीच आहे.

निघतांना त्यानें तीन गोष्टी सांगितल्या, त्या त्याच्याच शब्दांत देतों. "एक, हे राखेत पुरून रातभर निवू द्या, म्हंजे कानस चालंल. दोन, ह्याला पाणी पाजू नका, तेल पाजा. मोटारीचं लोखंड पाण्यात फुटतंय. तीन, रंग बघायचा तो सावलीत, उन्हात डोळा फसतो."

यांतील प्रत्येक वाक्याचा अर्थ आम्हीं पुढें पुस्तकांतून ताडून पाहिला. लाल केलेलें पोलाद राखेंत हळूहळू निवलें म्हणजे मऊ होतें, हें खरें. कमानीच्या पोलादांत सिलिकॉन, मँगॅनीज किंवा क्रोमियम मिसळलेलें असल्यामुळें तें सावकाश निवूनहि कठीण होऊं शकतें. पाण्याचा एकदम बसणारा धक्का त्याला नको असतो, आणि तडा जातो तो याचमुळें. रंगाविषयीं तर बोलावयासच नको. तापमान मोजण्याचें साधन नसलेल्या लोहाराचा सगळा व्यवहार रंगावर चालतो, आणि भर दुपारीं तोच रंग फिका दिसून पोलाद प्रमाणाबाहेर तापविलें जातें. लोहाराचा कोपरा काळोखा असतो तो गरिबीनेंच असें नव्हे.

कानस चालविण्याच्या चार संध्याकाळींविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. पुढें ढकलतांना दाबावें, मागें ओढतांना उचलावें, एवढेंच त्यांतलें शास्त्र. बाकीचें सर्व खांद्याला समजतें. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर फडकें हवें. त्या चार संध्याकाळीं आम्हीं एकहि वर्तमानपत्र वाचलें नाहीं, आणि जगाचें कांहीं अडल्याचें ऐकिवांत नाहीं.

मग पाण्याचा, म्हणजे तेलाचा, दिवस आला. मागच्या पडवींत विटांची लहानशी शेगडी रचली. त्यांत लाकडी कोळसा घातला आणि केस वाळविण्याच्या यंत्राचा वारा सोडला. पातें हळूहळू लाल होऊं लागलें. येथें लोहचुंबकाची मदत होते. लोखंड ७७० अंशांच्या सुमारास चुंबकाला चिकटेनासें होतें. तें चिकटेनासें झालें कीं आणखी थोडी आंच द्यावी, म्हणजे रंग पळसाच्या फुलाकडे झुकतो. त्याच क्षणीं तें कोमट तेलांत सरळ बुडवावें. तेल शेंगदाण्याचें होतें. घरभर तळणाचा वास सुटला, आणि "अहो, भजीं तरी तळून घ्यायचीं होतीं" असा शेरा स्वयंपाकघरांतून आला. पातें बाहेर काढून त्यावर कानस ओढली, तों ती कांचेवरून घसरावी तशी घसरली. हेंच तें पाणी. आदल्या दिवशीं त्याच कानशीनें जें पातें मुकाट्यानें झिजत होतें, तें आतां तिला दाद देईना.

परंतु एवढ्यावर काम संपत नाहीं. नुकतें पाणी दिलेलें पातें कांचेसारखें कठीण आणि कांचेसारखेंच ठिसूळ असतें. हातून पडलें तरी मोडावयाचें. त्याचा ताठा थोडा उतरावा लागतो. नातीची केक भाजण्याची विजेची भट्टी त्या कामीं आली. २०० अंशांवर दोन तास ठेवल्यावर पात्याच्या घासलेल्या अंगावर गव्हाच्या काडासारखी पिवळसर झांक आली. आणखी तापवीत गेल्यास ती तपकिरी, जांभळी व शेवटीं निळी होते; निळी झाली म्हणजे तें कमानीला योग्य, विळीला नव्हे.

या ज्ञानाचा मान कोणाकडे जातो, याचा विचार त्या दोन तासांत आमच्या मनांत घोळत होता. हंट्समनच्या कित्येक शतकें आधींपासून दक्षिणेंतले लोहार मातीच्या बंद मुशींत पोलाद करीत होते. यूरोपांत त्याला 'वूट्झ' म्हणत. कानडींतील 'उक्कु' या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असें मानतात. १७९४ सालीं मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. दुसऱ्याच वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर निबंध वाचला. पुढें मायकेल फॅरडे, जे स्वतः एका लोहाराचे चिरंजीव होते, त्यांनीं जेम्स स्टोडार्ट या सुरीवाल्याबरोबर १८१९ ते १८२२ पर्यंत त्या पोलादावर खटपट केली, आणि त्याच्या गुणाचें श्रेय चुकून अल्युमिनियमला दिलें. खरें कारण होतें त्यांतील भरपूर कर्ब, शेंकडा दीडच्या आसपास. स्कॉट, बँक्स, पिअर्सन, फॅरडे, स्टोडार्ट अशीं पांच नांवें आम्हीं आतां लिहिलीं. परंतु ज्यानें ती मूस लावली, त्याचें नांव कोणत्याच कागदावर नाहीं. त्याला कोणीं विचारलेंच नसावें. आपल्याकडील विद्वानांनींहि विचारलें नाहीं; ते त्या वेळीं दुसऱ्या कामांत गुंतले होते.

आमच्या वर्गाला कारागिराविषयीं दोनच प्रकारांनीं बोलतां येतें असें दिसतें. एक तर तो अडाणी, म्हणून त्याच्याशीं चार रुपयांसाठीं घासाघीस करावी. नाहीं तर तो प्राचीन परंपरेचा धनी, म्हणून त्याच्यावर सभेंत गहिंवरून बोलावें. मैदानावरचा तो मनुष्य या दोहोंपैकीं कोणींच नव्हता. तो आपलें काम जाणणारा मनुष्य होता आणि त्याला दुपारच्या आंत सहा खुरपीं द्यावयाचीं होतीं. आमच्यासारख्यांच्या छंदानें त्याचा धंदा वांचेल, अशी भ्रांति आम्हांस नाहीं. छंदानें धंदा वांचत नसतो, गिऱ्हाइकानें वांचतो. आमच्या विळीला सात संध्याकाळी, कोळसा, तेल आणि आणखी बराच खर्च लागला. तो तसलीच विळी आरंभापासून शेवटपर्यंत तासाभरांत करतो. फरक इतकाच, कीं आतां आम्हांस त्याच्या किमतींतला प्रत्येक रुपया कशाचा, हें ठाऊक आहे.

पातें बाभळीच्या ठोकळ्यांत बसवून त्याला जवसाचें तेल पाजलें, ठोकळा टेबलाला आवळला आणि निसण्यावर धार लावली. आईला खुर्चीवर बसविलें. तिनें प्रथम अंगठा आडवा धरून धार पाहिली, मग कोबीचा गड्डा हातीं घेतला. आम्ही उभेच होतों. तिनें वर न पाहतां, "जा तूं, बघत काय राहतोस," असें म्हटलें, म्हणून बाहेर आलों. अर्ध्या तासानें ताटांत पाहिलें तों कोबी केसासारखा चिरलेला होता.

दोन दिवसांनीं कैरी चिरली तेव्हां पातें काळें पडलें. साध्या पोलादाला आंबट लागलें कीं तें काळें पडतेंच. पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. सुनेला तो डाग पसंत पडला नाहीं. "ती चकचकीत घासूनसुद्धां काळी होत नव्हती," असें ती म्हणाली. आईनें उत्तर दिलें, "चिरत नव्हती, मग काळी कशाला होईल?" या वादांत आम्ही पडलों नाहीं.

शेजारच्या बायका येऊन विळी पाहून गेल्या. त्यांपैकीं दोघींनीं, आम्हांलाहि एकेक करून द्या, म्हणून आग्रह धरला. त्यांना आम्हीं मैदानाचा रस्ता सांगितला. एकीनें विळी आणली व ती खूष आहे. दुसरी भाव ऐकून परत आली. दुकानांत याहून स्वस्त मिळते असें तिचें म्हणणें, आणि तें खरेंहि आहे.

आईला आतां पात्याच्या शेंड्याला खवणी हवी आहे. त्यासाठीं दांत्यांचा निराळा तुकडा घडवावा लागेल, आणि त्याला तापत्या लोखंडावर छिणीचा हात हवा, तो आमचा नाहीं. गेल्या रविवारीं मैदानावर गेलों, तों पाल उठलेलें होतें. ऐरण पुरली होती तेथें खळगा आणि शेजारीं राखेचा ढीग एवढेंच उरलें होतें. पेरणीच्या आधीं परत या बाजूला येतों, असें तो म्हणाला होता. तोंवर सूनबाई जुन्याच खवणीवर नारळ खवते.